पाव इंचाची हौस

संग्रहाची हौस ही मनुष्यस्वभावातील एक मोठी विलक्षण गोष्ट आहे. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला सुबक छापलेल्या हजार तिकिटांपेक्षा चित्र उलटे उमटलेले एकच तिकीट अधिक प्रिय असते. जुनी नाणी जमविणारा टाकसाळीतल्या चुकलेल्या ठशावर जीव टाकतो. जगाला जेथे दोष दिसतो तेथे त्याला भाग्य दिसते. पण या सर्व मंडळींत मला अतिशय नवल वाटते ते जुनी रिव्हॉल्व्हरे जमविणाऱ्या एका लहानशा पंथाचे. रिव्हॉल्व्हर किती जुने आणि कोणत्या कारखान्याचे, एवढे कळून या पंथातल्या माणसाचे समाधान होत नाही. तो खिशातली पट्टी काढतो आणि नळी मोजतो. नेहमीच्या लांबीची निघाली तर नमस्कार करून पुढे जातो. पाव इंच अधिक वा उणी निघाली की त्याच्या डोळ्यांत तेज चढते.

मी स्वतः या पंथाचा नव्हे, आणि होण्याची सोयही नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून सामान्य परवानाधारकाला दोनांहून अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत; दोन वस्तूंचा संग्रह तो कसला! तेव्हा माझी सारी मजल लिलावांच्या सूचिपत्रांपर्यंत आणि या विषयावरील पुस्तकांपर्यंत. शस्त्रांविषयी मला प्रेम नाही. उलट, घरात बंदूक असावी या कल्पनेनेच मला झोप यावयाची नाही. असे असूनही ही सूचिपत्रे मी एखाद्या कादंबरीसारखी वाचीत बसतो. हे काय गौडबंगाल आहे, याचा शोध घ्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

आधी नळीच्या लांबीचे मर्म सांगितले पाहिजे. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना गोळ्यांचे फिरते चक्र हिशेबात धरीत नाहीत. चक्राच्या पुढे जेथे नळी सुरू होते तेथून तिच्या तोंडापर्यंतचे अंतर तेवढे मोजतात. नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवकाश मिळतो. नेम धरण्याची माशी पुढे सरकते आणि नेमातली लहानशी चूकही डोळ्यांना दिसते. पण शस्त्र जड होते, आणि बाहेर काढावयाला वेळ लागतो. आखूड नळी कोटाच्या खिशात मावते, परंतु दूरच्या नेमाला ती दगा देते. म्हणजे नळीची लांबी पाहिली की मालकाला कशाची गरज होती, किंवा कशाची भीती होती, हे थोडेबहुत ओळखता येते.

कोल्ट याचे १८४७ सालचे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर घ्या. कोल्टचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला होता. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सल्ल्याने नवे रिव्हॉल्व्हर आखले गेले, सरकारने एक हजार नगांची मागणी केली, आणि स्वतःचा कारखाना नसल्यामुळे कोल्टने ती व्हिटनी याच्या कारखान्यात पुरी करून घेतली. नळी नऊ इंचांची आणि वजन सुमारे साडेचार पौंड! असले धूड कमरेला कोण बांधणार? ते घोड्याच्या खोगिराला लटकविलेल्या म्यानात बसे. सरकारी व खासगी मिळून सुमारे अकराशे नगच निघाले. त्यांतल्या काहींची चक्रे दारूच्या जोराने फुटली, आणि पुढच्या नमुन्यात चक्र आणि नळी दोन्ही आखूड झाली. खुद्द वॉकर त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला वामांतला येथील लढाईत पडला. आज ‘वॉकर’ची नऊ इंची नळी पाहताना घोडा, खोगीर आणि अवघा पस्तिशीच्या आत मेलेला तो स्वार डोळ्यांपुढे उभा राहतो.

पुढे १८७३ साली कोल्ट कंपनीने आपले सुप्रसिद्ध सैनिकी रिव्हॉल्व्हर काढले. १९४० पर्यंत त्याचे साडेतीन लाखांहून अधिक नग तयार झाले, आणि त्यांतले बहुतेक तीन लांबींचे: साडेसात इंच, साडेपाच इंच आणि पावणेपाच इंच. संग्राहकाला ही गर्दी काय होय! त्याचे लक्ष असते ते या तीन घरांबाहेर राहणाऱ्या मूठभर नगांवर. साडेसात इंचांपुढच्या प्रत्येक इंचाला एक डॉलर जास्त भरला की कारखाना हवी तेवढी लांब नळी करून देई. फिलाडेल्फिया येथील १८७६ च्या प्रदर्शनात तर सोळा इंची नळीचे नग मांडले होते. याच्या उलट गंमत सरकारने केली. घोडदळासाठी घेतलेल्या साडेसात इंची रिव्हॉल्व्हरांपैकी पुष्कळांच्या नळ्या १८९५ नंतर काही वर्षांत कापून साडेपाच इंची करण्यात आल्या. त्यामुळे एके काळी जी लांबी पलटणीपलटणींतून दिसत होती तीच न कापलेल्या स्थितीत आज शोधावी लागते. दुर्मिळता ही जन्मतः येते तशी दुसऱ्यांच्या नाशानेही येते, हा धडा या कापलेल्या नळ्या मुकाट्याने शिकवितात.

परंतु या पंथाची खरी पंढरी म्हणजे स्मिथ अँड वेसन कंपनीचे १९३५ सालचे ‘रजिस्टर्ड मॅग्नम’. अमेरिकेत मंदीने लोकांची दैना चाललेली असताना साठ डॉलर किमतीचे हे रिव्हॉल्व्हर निघाले, आणि ते गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखे होते. साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत पाव पाव इंचाच्या फरकाने हवी ती लांबी मागावी. माशी कोणती, मूठ कोणती, तेही सांगावे. प्रत्येक नगाला नोंदणीचा स्वतंत्र क्रमांक असे आणि मालकाच्या नावाचे प्रमाणपत्र मिळे. पहिला क्रमांक जे. एडगर हूव्हर यांना गेला. जनरल पॅटन यांनी त्याच वर्षी साडेतीन इंची नळीचे घेतले. १९३९ मध्ये ही पद्धत बंद पडेपर्यंत सुमारे साडेपाच हजार नग निघाले. व्यक्ती तितक्या प्रकृती असे आपण म्हणतो खरे. पण वीसहून अधिक लांबींची मुभा असताना बहुतेकांनी चारपाच रुळलेल्या लांबीच मागितल्या! उरलेल्या लांबींच्या वाट्याला मोजकेच गिऱ्हाईक आले. त्या मोजक्यांपैकी कोणा एकाने ‘मला पावणेसहा इंच हवी, सहा नको’ असे का लिहिले असेल? त्या पाव इंचाने नेमात कितीसा फरक पडणार? उत्तर कोठेही मिळत नाही. मला वाटते, संग्राहकाला भुरळ पडते ती या बिनउत्तराच्या हट्टाची. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा घरगुती वस्तूंचे नाना आकार जन्मभर जमविले. त्यांचे संग्रहालय हिंडताना हाच विचार मनात येतो. सुपारी कातरण्यास एकच आकार पुरेसा होता. बाकीचे सारे आकार म्हणजे कोणातरी माणसाची लहर, धातूत गोठलेली.

मात्र लहरीचा पुरावा लागतो. नळी कापावयाला करवत आणि एक दुपार पुरते, आणि जुन्या काटक्याचे दुर्मिळ चंदन करणारे कारागीर सर्व देशांत आहेत. म्हणून जाणता मनुष्य नळीच्या तोंडाची गोलाई पाहतो. माशी मूळच्या जागी आहे की मागाहून बसविली हे भिंगातून तपासतो. नळीवर कोरलेले कारखान्याचे नाव मध्यभागी आहे ना, हे बघतो, कारण कापलेल्या नळीवर ते एका टोकाकडे सरकलेले दिसते. नळीवरचा आणि सांगाड्यावरचा अनुक्रमांक जुळवितो. इतके झाल्यावरही त्याचे मन निवत नाही, तेव्हा कारखान्याच्या जुन्या वह्यांतला उतारा मागवितो. अमुक क्रमांकाचा नग, अमुक इंची नळी, अमुक दिवशी, अमुक व्यापाऱ्याकडे रवाना. ही एक ओळ मिळाली की तो कृतार्थ होतो. लोखंडापेक्षा कागद मोलाचा, ही गोष्ट वतनाच्या सनदा जपणाऱ्या आपल्या लोकांना निराळी सांगावयास नको.

आणि कागद नसला म्हणजे काय होते? स्टुअर्ट लेक याने वायट अर्प या शिपाईगड्याचे चरित्र १९३१ साली प्रसिद्ध केले. नेड बंटलाइन या लेखकाने अर्प आणि त्याच्या चार सोबत्यांना बारा इंची नळीची कोल्ट रिव्हॉल्व्हरे भेट दिली, असे त्यात आहे. अर्प दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्या भेटीचा समकालीन पुरावा संशोधकांना मिळालेला नाही; पण कथा अशी रंगली की पुढे कोल्ट कंपनीनेच १९५७ च्या सुमारास ‘बंटलाइन स्पेशल’ या नावाने बारा इंची रिव्हॉल्व्हरे विकावयास काढली. आधी वस्तू आणि मग आख्यायिका, हा जगाचा क्रम; येथे आख्यायिकेच्या पोटी वस्तू जन्मली.

एवढे सगळे कौतुक केल्यावर जी गोष्ट टाळता येत नाही तिच्याकडे वळतो. ही माणसे मारण्याची हत्यारे आहेत. पॅट गॅरेट याने ज्या रिव्हॉल्व्हरने १८८१ साली बिली द किड याला ठार केले ते २०२१ च्या लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. कवी व्हर्लेन याने १८७३ मध्ये ब्रुसेल्स येथे रँबोवर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडली त्याला २०१६ साली पॅरिसमध्ये चार लाखांहून अधिक युरो आले. तेथे लोखंडाला किंमत नव्हती आणि कारागिरीलाही नव्हती. किंमत होती ती एका मरणाची आणि एका जखमेची. अशा लिलावात हात वर करणाऱ्याचे मन मला समजत नाही, आणि समजू नये अशीच इच्छा आहे.

त्याच्याशेजारी पाव इंचासाठी पैसे मोजणारा आमचा पंथीय उभा केला की तो मला सात्त्विक वाटू लागतो. त्याला रक्ताचा वास नको असतो. इतकेच नव्हे, ज्यातून गोळी जवळजवळ सुटलीच नाही, ज्याचा निळा मुलामा मुठीच्या घामानेही गेलेला नाही, असा नग तो सर्वांत वर ठेवतो. ज्या बाजारात न वापरलेल्या हत्याराला सर्वांत अधिक मान आहे, तो बाजार अगदीच वाईट कसा म्हणावा? जगातील सारी शस्त्रे या हौशी लोकांच्या कपाटांत जाऊन पडली, तर पुष्कळ आया सुखाने झोपतील.

तरीही माझी शंका पुरती फिटत नाही. कारखान्याच्या वहीत लांबी आहे, तारीख आहे, व्यापाऱ्याचे नाव आहे. त्या नळीसमोर पुढे कोण उभे होते, याचे घर त्या वहीत आखलेलेच नाही. मालकाची लहर पाव इंचापर्यंत अचूक नोंदली गेली. समोरच्याचा प्राण गेला असेल तर तो बेहिशेबी गेला. ‘वॉकर’च्या नऊ इंचांत मला स्वार दिसतो, पण त्याच्या समोरचा मेक्सिकन शिपाई दिसत नाही, याचे कारण हेच असावे. म्हणून सूचिपत्र वाचताना, नळीची लांबी आणि मुलाम्याची स्थिती यांच्यापुढे जी थोडी पांढरी जागा उरते, तेथे मी क्षणभर थांबतो. संग्राहकानेही थांबावे. पाव इंच मोजण्याइतकी बारीक नजर ज्याला लाभली आहे, त्याला ती कोरी जागा दिसू नये, हे मला पटत नाही.