हक्कसोडपत्रातल्या बहिणी

गोरेगाव (पश्चिम),
रविवार

चि. बाळ यास,


तू ग्रुपवर टाकलेला वंशवृक्ष पाहिला. छान रंगवला आहेस. सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली, आणि तुझ्या बाबांनी तर तो आणखी चार ग्रुपवर ढकलला. मी मात्र मोठा करून करून वाचला. पाच पिढ्या, आणि एकही बाई नाही. माझं नाव नसणं मी समजू शकते, पण तुझ्या सख्ख्या बहिणीचंही नाही. पाच पिढ्या कोणाच्या पोटी जन्मल्या, हे तुझ्या झाडाला माहीतच नाही.

फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन गाडी चालवताना घेतोस आणि ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस. म्हणून लिहून पाठवतेय.

रागावलेले नाही. मोठ्या घराण्यांचे छापील कुलवृत्तांत काढून बघ, जुन्यांत तर हेच आहे. आपटे, गोखले, कर्वे, बापट, कितीतरी कुळांनी ते काढले. कुळातल्या उत्साही माणसांनी गावोगाव माहितीपत्रकं पाठवायची, भरून आलेली जुळवायची, न आलेल्यांच्या मागे लागायचं. सगळं पदरमोड करून, पगार कोणालाच नाही. त्या कष्टांना माझा नमस्कार. पण मुलीपाशी आलं की एक ओळ: अमुक गावच्या अमुकांना दिली. पुढे तिचं काय झालं ते त्यांच्या कुळाचं काम नव्हे. आणि आपल्यासारख्या कुळवाड्यांचा तर छापील वृत्तांत कोणी काढलाच नाही. त्यामुळे आपल्याला शोधायला कचेऱ्याच आहेत.

आता तुझा तक्ता माझ्या पणजोबांपाशी का अडला ते सांगते. तू सातबारा धरून मागे गेलास. आपल्या वाडीची जमीन खोताची होती. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा, कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे त्या दिवशी जो कसत होता तो कूळ मालक मानला गेला. मालकाच्या रकान्यात आपलं आडनाव दिसू लागतं ते त्या सुमाराला. त्याच्या आधी आपण होतोच, पण कुळाच्या रकान्यात, खोताच्या दप्तरात. तिथे शोध.

फेरफार वाचताना घाई करू नकोस. ‘ए. कु. मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्या एका नावामागे भाऊ लपलेले आहेत. ‘अ. पा. क. आई’ म्हणजे बाप गेला, पोरं अज्ञान, आणि पालनकर्ती आई. ही ओळ सापडली की त्या बाईचं नाव तिथेच मिळतं आणि नवरा कधी गेला असेल त्याचा अंदाजही. जुन्या नोंदींत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. इतर हक्काचा रकाना तर लोक बघतच नाहीत. विधवा आणि मुली पुष्कळदा तिथेच असतात.

पण आपल्या घरच्या बायका शोधायला सगळ्यात उपयोगी कागद वेगळाच आहे. हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या पश्चात मुलगीही वारस ठरली, आणि तेव्हापासून गावोगाव बहिणींच्या सह्या-अंगठे घेणं सुरू झालं. कुठे दुय्यम निबंधकापुढे रीतसर दस्त, कुठे नुसता तलाठ्यापुढे जबाब आणि फेरफारात एक ओळ: बहिणींनी आपला हक्क सोडल्याने त्यांची नावे कमी केली. आता तो दस्त वंशावळीच्या नजरेनं वाच. सगळ्या बहिणी एका कागदावर, ओळीनं. प्रत्येकीचं सासरचं पूर्ण नाव, वय, राहणार कुठे. आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, बहिणी कुठे कुठे दिल्या होत्या हे आमच्या घरात कोणाला धड सांगता येत नसे. नावं आणि गावं निघाली ती त्याच कागदातून. घरातून त्यांचं नाव काढून टाकायला केलेला कागद, आणि त्या सापडतात फक्त त्यात. मीही एका कागदावर सही केली आहे, तुझ्या बाबांना विचार. मी तेव्हा शाळेत पगारी शिक्षिका होते, तरी लिहिणाऱ्यानं ‘धंदा – घरकाम’ असंच घातलं. तेव्हा कागदावर आहे म्हणजे खरंच आहे, असंही समजू नकोस.

हेच जन्मतारखांचं. तू तुझ्या बाबांपुढे १ जून छापलं आहेस. अरे, मी जन्मभर शाळेत जनरल रजिस्टर भरलंय. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला घेऊन आलेली आई सांगायची, भाताच्या लावणीत झाला, किंवा पुराच्या साली. मास्तर वय जमेल असा हिशेब करायचे आणि १ जून घालून मोकळे व्हायचे. आमची आई सांगायची की दादा नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाला. ते लिही, आणि शेजारी ‘शाळेत नोंद १ जून’ असंही लिही. दोन्ही ठेव.

शाळेच्या रजिस्टरात मात्र एक गोष्ट खरी असते, ती शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटचा शेरा. ‘सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केले.’ मुलीचं नाव चौथीत असं कमी झालेलं दिसलं की धाकट्या भावंडाचा जन्म किंवा तिचं लग्न त्याच्या आसपास शोधावं. गावच्या शाळेत प्रवेश-निर्गमाचा उतारा मिळतो, फक्त हेडमास्तरांना वेळ बघून भेट. परीक्षेच्या दिवसांत जाऊ नकोस.

जुना गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, हे तर पाहायलाच हवं. बाळाचं नाव त्यात बहुधा नसतंच, बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. बापाचं नाव, आणि पुढे मुलगा की मुलगी. मृत्यूपुढे कारण असतं: ताप, पटकी, देवी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पानं उघडलीस तर ‘ताप, ताप, ताप’ असं खाली खाली जाणारं बघशील. आपल्या पणजीची तीन मुलं ‘लहानपणीच गेली’ असं आपण एका वाक्यात सांगतो. ती बहुतेक तिथे आहेत, नावाशिवाय.

मुंबईचं टोक मी बघते. इथेही गंमत आहे. आपण गोरेगावला मुंबई म्हणतो, पण साष्टीची ही गावं ठाणे जिल्ह्यात होती. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निघाला, महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली ती १९५७ मध्ये, आणि उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला १९९० ला. म्हणजे गोरेगावात १९५५ साली जन्मलेल्याची नोंद पी-दक्षिण वॉर्डात नाही म्हणून कोणी परत पाठवलं, तर हताश व्हायचं नाही. त्या वर्षी इथे महापालिका नव्हती. जमिनीच्या कागदावर तर आमचं गोरेगाव अजूनही ‘मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली’ आहे.

इथे एक मात्र लक्षात घे. तुला ही हौस आहे, पुष्कळांना ती गरज आहे. आमच्या पूर्वेला आरे कॉलनीत आदिवासी पाडे आहेत. १९४९ साली दूध वसाहत आली त्याच्या आधीपासूनची ती वस्ती. त्यांच्या पोराला जातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. पडताळणीला वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करून द्यावी लागते. ज्याच्या आजोबाला कोणी शाळेतच घातलं नाही, त्यानं कागद आणायचा कुठून? गिरणी कामगारांच्या घरांच्या वेळीही हेच झालं. हजेरीचं कार्ड, विम्याचं कार्ड, फंडाचा नंबर, यांसाठी वारस पत्र्याच्या पेट्या उपसत होते. आबांचं गिरणीचं तिकीट आईनं जपून ठेवलं म्हणून आपलं निभावलं.

सरकारनं मनावर घेतलं की काय निघतं तेही आपण पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला, आणि पुढे ते काम राज्यभर गेलं. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही. पण रजिस्टरं कपाटातून निघाली, स्कॅन झाली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, आधी ओळभर रेघ मारून खाली न तोडता लिहीत जायचं; दोन शब्दांतला सांधाही कळत नाही. ती शिकायला सहा महिने नेटानं बसावं लागतं. आपल्या वाडीत आज कोणाला येते? तुझ्या मुलीला घाल वर्गाला. पुराभिलेख खातं असे वर्ग घेतं.

आता मुद्द्याचं. साहेबाचे कागद बघ. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला दर वर्षी लंडनला जात. आज त्यांचे वंशज घरबसल्या नाव शोधतात, कारण १९९८ साली तिकडे एक संस्था निघाली, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, आणि तिच्या स्वयंसेवकांनी ती नावं एकेक करून याद्यांत चढवली. निवृत्त माणसं, घरी बसून, फुकट. ज्यानं टाइप केलं त्याला स्वतःचा पणजोबा त्यात सापडेलच असं नव्हतं. दुसऱ्याचा सापडला. त्यांची १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे जनगणनेची घरटी पत्रकं १९४८ च्या कायद्यानं कोणाला बघता येत नाहीत, तेव्हा त्या वाटेनं जाण्यात अर्थ नाही.

आणि मॉरिशस. मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेले आपले कोकणातले लोक तिथे मराठी म्हणून अजून नांदतायत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे कागद आहेत: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, नंतरच्यांचे तर फोटोही. उसाच्या मळ्यावर राबायला गेलेल्याची उंची इंचात लिहून ठेवलेली आहे, आणि त्याचा जो भाऊ गावात राहिला त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. तिकडचा कोणी गावाचं नाव घेऊन रत्नागिरीत आला, तर त्याला दाखवायला आपल्याकडे काय आहे?

म्हणून माझं म्हणणं, हे काम आपल्या आडनावापुरतं करू नकोस. रजिस्टरचं एक पान उघडलंस की आपल्या दोन ओळी असतात आणि शेजाऱ्यांच्या तीस. तू तिथे बसलेलाच आहेस, धूळ खाल्लेलीच आहेस, त्या तीसही उतरव. अख्ख्या वाडीच्या कर. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वह्या मी मागवते. कोण कोणत्या साली खोलीवर आलं, कोणाच्या नावापुढची वर्गणी एकाएकी थांबली, ते त्यात आहे. खोतांच्या घरातल्यांनाही सोबत घे, संकोच करू नकोस. जुनं दप्तर त्यांच्या माळ्यावर आहे, आणि आता त्यांनाही ते वाचता येत नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची नामावळी तुझ्या मामांकडे सोपव, ते जातातच.

एक ताकीद. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि बायकांची माहेरची नावं ग्रुपवर टाकायची नाहीत. बँका ओळख पटवायला हेच विचारतात. आणि दत्तक, दुसरं घर, कोणी घर सोडून गेलेलं असं काही निघालं तर ते वहीत लिहायचं, ग्रुपवर नाही. त्या माणसाच्या मुलांना आधी विचारायचं.

सरकारनं आता ठरवलंय की १ मे २०१४ पासून पुढे जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लागेल. तुझ्या मुलीच्या मुलांना शोधणं सोपं जाईल. मागच्यांचं आपल्यालाच करावं लागणार.

तर मे महिन्यात देवरुखला जाशील तेव्हा फेरफाराबरोबर हक्कसोडाच्या दस्ताचीही नक्कल माग. आबांच्या बहिणींच्या सासरची गावं मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहेत. त्या घरांतून कोणी तरी असेल. आधी फोन कर, मग जा, आणि जाताना नारळ घेऊन जा. माहेरचा माणूस पुष्कळ वर्षांनी जातोय.

वहिनीला नमस्कार सांग. मुलीला पापा.

तुझी,
आत्या

ता. क. मोडी बाडाचे फोटो काढताना अख्खं पान येऊ दे, नुसतं आपलं नाव कापून पाठवू नकोस. वाचणाऱ्याला त्या कारकुनाच्या अक्षराचं वळण कळायला पूर्ण पान लागतं. आणि पानाचा नंबर दिसला पाहिजे.