अडकलेल्या मोटरीचा हिशेब

टीआयपी१२२च्या डेटाशीटवर पहिल्याच पानाला ५ अँपिअर छापलंय आणि माझी मोटर चालताना ३ अँपिअर घेत होती. एवढ्या भांडवलावर मी सोल्डरिंगला बसलो. पुढची पानं उघडायची तसदी घेतली नाही.

काम तसं साधं होतं. आमचं कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचं गाव, इथं पावसाला परत जायची घाई नसते. भात कापून खळ्यावर आणलं की तो हमखास गाठतो आणि घरभर पळापळ होते. बेळगावात भंगारात जुन्या जीपच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर मिळाली. तिनं पाइप फिरवून ताडपत्री सोडायची, पलीकडे दगड बांधलेली दोरी ती ओढून घेणार, आणि ऊन पडलं की मोटरीनं उलटं फिरून गुंडाळायची. पाऊस आला की लाईट जाणारच, म्हणून सगळं बॅटरीवर. दोन्ही दिशा हव्यात, तेव्हा एच-ब्रिज: वर दोन टीआयपी१२७, खाली दोन टीआयपी१२२.

मोटर फिरली, पण रडत. काका म्हणाले, "उपाशी आहे काय रे ही?" खरंच उपाशी होती. टीआयपी१२२ हा डार्लिंग्टन, म्हणजे पोटात दोन ट्रान्झिस्टर. ३ अँपिअरला तो २ व्होल्टपर्यंत स्वतःच खातो. करंट वरच्या आणि खालच्या अशा दोघांतून जातो, म्हणजे १२तले मोटरीला कसेबसे ८. उरलेल्याची उष्णता. प्रत्येकी ६ वॅट, आणि हीटसिंकशिवाय या आकाराच्या ट्रान्झिस्टरचं तापमान दर वॅटला साधारण ६२ अंशांनी चढतं. गुणाकार मी बोट भाजल्यावर केला.

त्यातून त्या दिवशी ताडपत्री भिजून जड झाली, दुमडून पाइपात अडकली, आणि मोटर जागीच थांबली. थांबलेली मोटर म्हणजे नुसती तांब्याची तार. मीटरनं तिचा रेझिस्टन्स ०.६ ओहम निघाला, म्हणजे १२ भागिले ०.६, सरळ २० अँपिअर. मी निवड केली होती चालत्या मोटरीच्या आकड्यावर. ट्रान्झिस्टर मरतात ते अडकलेल्या मोटरीच्या आकड्यावर.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. खाली २एन३०५५ बसवला: लोखंडी टोपीवाला, १५ अँपिअरचा, जुन्या अँप्लिफायरवाल्यांचा लाडका. त्याला चालवायला बीसी५४७. इथला घोळ सांगायलाही लाज वाटते. ४ अँपिअरला २एन३०५५चा गेन २० ते ७०, पण १० अँपिअरला तो ५पर्यंत उतरू शकतो; म्हणजे बेसलाच २ अँपिअर हवेत. बीसी५४७ची कुवत १०० मिलिअँपिअर. तो पहिल्याच झटक्यात गेला आणि पाठोपाठ टोपीवालाही. हॅकसॉनं टोपी कापली तर आत तिळाएवढी चिप, म्हणजे माल बनावट. स्वस्तात मिळाल्याचा आनंद मला झाला होता, तेव्हा ही चूक दुकानदाराच्या नाही, माझ्याच खाती.

मॉसफेटकडे वळलो ते मोठ्या थाटात. आयआरएफझेड४४एन, ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर, रेझिस्टन्स फक्त १७.५ मिलिओहम. थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट वाचून मी हे सगळं चालवणाऱ्या आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाचे ५ व्होल्ट थेट गेटला दिले. पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेट जेमतेम डोळे उघडतो तो व्होल्टेज. तेव्हा त्यातून पाव मिलिअँपिअर वाहतो. १७.५ मिलिओहम मिळतात ते गेटवर १० व्होल्ट असताना, हे त्याच ओळीत छापलेलं असतं. ५ व्होल्टवर चालणारा भाऊ म्हणजे आयआरएलझेड४४एन. एका अक्षराचा फरक, आणि मी यादीत चुकीचं अक्षर लिहून बेळगावची वारी केली होती.

गेटला जमिनीशी बांधणारा १० किलोओहमचा रेझिस्टरही मी गाळला होता. आर्डुइनो सुरू होताना त्याच्या पिना काही क्षण मोकळ्या असतात, आणि आमच्याकडे बोर्डावर ओल धरलेली असतेच. एका रात्री पावसाचा थेंब नसताना ताडपत्री आपोआप पसरली. घरात भुताटकीची चर्चा झाली. मी गप्प बसलो, सकाळी रेझिस्टर लावला आणि बोर्डावर लॅकरचा हात दिला.

खरी चूक मात्र याहून जुनी होती. सर्किट बघून एका ऑटो इलेक्ट्रिशियननं विचारलं, "दिवसातून दोनदा दिशा बदलायला एवढं कशाला? रिले लावा की." रिले मला कमीपणाचा वाटायचा, ट्रान्झिस्टरचं सर्किट जोडलं म्हणजे आपण शिकलेले. आता गाडीचे दोन चेंजओव्हर रिले दिशा ठरवतात, खाली एकच आयआरएलझेड४४एन मोटर चालू-बंद करतो. त्याच्या ड्रेनपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत एक १एन५४०८ डायोड, मोटर बंद होतानाच्या उसळीसाठी, आणि बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज. प्रोग्रॅममध्ये क्रम पक्का आहे: आधी मॉसफेट बंद, मग रिले हलणार, थोडं थांबून पुन्हा मॉसफेट चालू. त्यामुळे रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडत नाही.