पदवीवरचे नाव

पदवीचा कागद घरात बहुधा अशा जागी असतो, की ती जागा एकाच व्यक्तीला ठाऊक असते. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, लग्नातल्या शालूखाली, विम्याच्या आणि घरपट्टीच्या कागदांसोबत तो वर्षानुवर्षे पडून राहतो. १९७३च्या सुमारास बी. ए. झालेल्या स्त्रियांनी आज सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी कोणी हा कागद बाहेर काढला, तर विद्यापीठाची मुद्रा, कुलगुरूंची सही, द्वितीय वर्गाचा उल्लेख हे सारे ओळखीचे वाटते; परके वाटते ते नाव. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव मिळून झालेले ते तीनपदरी नाव पदवीनंतर वर्षा-दोन वर्षांत वापरातून गेले. काहींच्या बाबतीत तर त्या तिन्हींपैकी एकही शब्द पुढे उरला नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी हे थोडे उलगडून सांगायला हवे. लग्नानंतर मराठी स्त्रीच्या नावातील वडिलांची जागा पती घेतो, आडनाव सासरचे येते, आणि पुष्कळ घरांत तिचे स्वतःचे नावही बदलले जाई. ताटात तांदूळ पसरून वर त्यात अंगठीने नवे नाव लिही, आणि त्या क्षणापासून सुमनची माधवी होई. पतीचे नाव एरवी तोंडाने घेऊ नये, घ्यायचे तर उखाण्यात घ्यावे, असा संकेत. आणि तेच नाव तिच्या प्रत्येक पूर्ण सहीच्या मध्यभागी बसलेले. यातली विसंगती त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

स्त्रीशिक्षणाच्या आरंभी हा पेच निर्माणच झाला नव्हता, कारण तेव्हा विवाह आधी होई आणि शिक्षण नंतर. माहेरच्या यमुनेचे आनंदी हे नाव सासरी ठेवले गेले, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय महाविद्यालयाने पदवी दिली ती आनंदीबाई जोशी यांना. आधी पदवी व मग लग्न असा क्रम आला, तेव्हा नाव दुभंगू लागले. कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांपैकी कादंबिनी बसू १८८३ साली बी. ए. झाल्या आणि त्याच वर्षी विवाह होऊन गांगुली झाल्या. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याच्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे भारदस्त संस्कृत नाव होते. तेथे शिकलेल्या बाळूताई खरे यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध केला, आणि लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. शिकून मिळवत्या झालेल्या अविवाहित मुलींची घुसमट सांगणाऱ्या लेखिकेची ही तीन नावे. त्यांपैकी तिने स्वतः निवडलेले एकच, आणि तेही लपण्यासाठी. हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

१९७३ची तुकडी मात्र लपणारी नव्हती. बाहेर दुष्काळ होता, वसतिगृहाच्या खाणावळीत मिलोची लालसर भाकरी मिळे, आणि शेवटच्या वर्षाच्या मुली भाषाशास्त्राची टिपणे हाताने उतरून घेत. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा निघत गेल्या, तशा पदवीधर मुलींना नोकऱ्या मिळू लागल्या. काही बँकेत गेल्या, काही आयुर्विमा महामंडळात, काही बी. एड. करून शाळेत. लग्न होऊन कोणी इंदूरला गेली, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. नोकरी मिळाली ती पदवीच्या जोरावर आणि पगार झाला तो दुसऱ्याच नावाने. या दोन नावांची गाठ घालण्यासाठी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करावे लागे, राजपत्रात नावबदलाची सूचना द्यावी लागे. तीस-पस्तीस वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या वेळी ती गाठ पुन्हा तपासली जाई. पदवीवरची मुलगी आणि समोर बसलेली बाई एकच, हे त्या बाईने सिद्ध करायचे. वास्तविक, लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कायदा या देशात नाही.

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या विद्यार्थिनींनी २०२३ साली, पन्नास वर्षे झाली म्हणून, एकमेकींचा शोध घ्यायचे ठरवले. वर्गातल्या मुलग्यांची यादी आठवड्यात पुरी झाली. आडनाव आणि गाव एवढ्यावर माणसे सापडली. मुलींची यादी अडली. हजेरीपटावर होती ती सारी माहेरची नावे, आणि त्या नावांच्या बाया कोठल्याच दारावरच्या पाटीवर नव्हत्या. मग भाऊ शोधावे लागले. नगरच्या एका कापडदुकानदाराकडून त्याची बहीण मिळाली; वाईच्या एका वकिलाकडून दोघी, कारण त्याची बायकोही त्याच वर्गातली निघाली. ज्यांना भाऊ नव्हते त्यांचा माग लागणे अवघड गेले. एका घरी दूरध्वनी केला, तेव्हा सुनेने सांगितले की या नावाचे येथे कोणी राहत नाही. ती खोटे बोलत नव्हती. अठरा वर्षे त्या घरात राहूनही सासूचे पहिले नाव तिच्या कानावर आले नव्हते.

भेटीत मात्र कोणी गाऱ्हाणी मांडली नाहीत. बोलणे झाले ते ग्रंथालयातल्या रांगेचे, मराठीच्या तोंडी परीक्षेत एकीला आलेल्या रड्याचे, पदवीदानाच्या दिवशी भाड्याने आणलेल्या झग्याचे. वर्गात पहिली आलेली बाई पुढे नोकरीत शिरलीच नाही. तिने सासऱ्यांचे अंथरुणावरचे दुखणे अकरा वर्षे काढले, आणि हे तिने परीक्षेतले गुण सांगावेत तितक्या सरळपणे सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी दोघींनी मान खाली घातली. त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

नावाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांचे मत एक नव्हते, आणि ते असेल असे मानणे हाच शहाण्यांचा भ्रम. पाचवी मुलगी म्हणून आईबापांनी एकीचे नाव ‘नकोशी’च्या जातीचे ठेवले होते. तांदळात लिहिलेल्या नव्या नावाने तिला प्रथमच कोणाला तरी हवे असल्याचा अनुभव दिला, आणि त्यासाठी ती नवऱ्याचे उपकार मानते. अशा नावाच्या मुली पुढेही जन्मत राहिल्या. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक मुलींची तसली नावे समारंभपूर्वक बदलावी लागली. उलट दुसरी, पती गेल्यावर, बँकेच्या पासबुकापासून गॅसच्या पावतीपर्यंत सर्वत्र माहेरचे नाव पुन्हा लावून बसली होती. ते नवऱ्यावरच्या रागाने नव्हे, संसार चांगला झाला होता. “त्यांचं नाव मी चाळीस वर्षं सांभाळलं, आता माझं सांभाळते,” एवढेच तिचे म्हणणे.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय केला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. विवाहित स्त्रियांपुरती मात्र पतीचे नाव लावण्याची रूढ पद्धत चालू राहिली. या बायकांच्या नातवंडांपैकी धाकट्यांच्या नावात आता आई आली आहे. त्या आईचे नाव सासरी बदललेले आहे की माहेरचे, हे मात्र त्या त्या घरावर अवलंबून.

भेटीनंतर नावे-पत्त्यांची पुस्तिका छापायची ठरली, आणि कोणते नाव छापावे यावर पत्रव्यवहार झाला. माहेरचे नाव आधी आणि सासरचे कंसात, की उलट? शेवटी जिने जसे कळवले तसे छापले. बहुतेकींनी दोन्ही दिली. इंदूरच्या बाईंनी फक्त सासरचे दिले आणि जुन्या नावाने आपल्याला कोणी हाक मारल्यास आपण वळून पाहणार नाही, असे लिहिले. वर्गात पहिली आलेल्या बाईंनी पदवीवरचे नाव, वडिलांच्या नावासकट, जसेच्या तसे मागून घेतले. तिघींचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. त्यांची माहेरची नावे हजेरीपटावरून उतरून घेतली आणि पुढची जागा कोरी ठेवली.