टकीला गावातलं तोरंजन

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरापासून बसने साठेक किलोमीटर गेलं की टकीला नावाचं गाव लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळसर अगावेची शेतं. आपल्या घायपाताचीच भावंडं. कापणीला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. 2006 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

गावात मातीच्या मडकुल्यात 'कांतारितो' मिळतो. कडेला मीठ, आत बर्फ, टकीला, संत्र्या-लिंबाचा रस. मग विक्रेत्याने एक मोठं पिवळं फळ उचललं नि म्हणाला, "तोरोंहा."

मी चमकलेच. आमच्या घरी चवथीला माटोळीला बांधतात ते तोरंजन! फारसीतला 'तुरंज' एका वाटेने आपल्याकडे आला, दुसऱ्या वाटेने अरबांबरोबर स्पेनला जाऊन इथवर पोचला. फळ मात्र अगदी तेच नाही. हे ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनस आणि संत्र्याचा संकर.

परसातलं तोरंजनाचं झाड बाबा तोडायला निघाले होते. "माटोळीला एक लागतं, बाकीची कुजतात." परतल्यावर मी एक फळ सोललं. पांढरे पापुद्रे नीट काढायचे, नाहीतर कडू होतं. वाटीभर रस, अर्धं लिंबू, चिमूट मीठ, बर्फ, 45 मिली टकीला, वर सोडा. आईला तेच, पण टकीलाविना.

बाबा म्हणाले, "मीठ जरा कमी घाल."

झाड अजून आहे.