आवाजाला चालतं!

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात ‘हल्दी’ असते. पिवळा ड्रेसकोड, झेंडूच्या माळांचा झोपाळा आणि फोटोग्राफर सांगेल तेव्हा हसायचं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी टीममध्ये ऐटीत सांगून टाकलं, आमच्याकडे हल्दी नाही, हळद असते!

गाव वेल्ह्याकडचं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातलं. कात्रजचा बोगदा ओलांडायचा, चेलाडी फाट्याला नसरापूरकडे वळायचं, की तासाभरात समोर तोरणा. बस्ता भोरच्या बाजारात बांधून झाला होता. दारात मुहूर्तमेढ, मांडवावर जांभळीचे डहाळे. आणि कोपऱ्यात माणसापेक्षा उंच डीजेचे बॉक्स. चालायचंच.

आमच्यात पुडीतली हळद चालत नाही. जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा आणि हळकुंडं दळता दळता ओव्या म्हणायच्या. देवांना लग्नाचं आवतण द्यायचं, तेही ओवीतूनच. हात लागले, मी मोबाइल सरसावला आणि... शांतता. काकी मामीकडे बघतेय, मामी आत्याकडे. गिरणी आल्यावर जातं ओढलंय कुणी?

‘‘नेटवर बघू का?’’ चुलतबहीण म्हणाली. तिचंही चुकलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी, वेल्ह्यासह महाराष्ट्रभरातल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्यात. ‘पारी’च्या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. पण रेंज कुठे होती!

आणि खरं तर नेटची गरजही नव्हती. ज्या बाईला या ओव्या येत होत्या, ती दहा पावलांवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसली होती. माझी आई.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दुधाच्या रतिबावर दादाचा डिप्लोमा तिनं केला. पण देवकाला बसले काका-काकी आणि जात्याला तिचा हात चालत नाही. माझं डोकंच सटकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं, हे मी भर मांडवात तावातावानं ऐकवलं. एकदम प्रेझेंटेशन दिल्यासारखं.

‘‘ठराव ऱ्हाऊ दे,’’ शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘आईला इचार.’’

आई म्हणाली, ‘‘नगं बाई. उद्या सुनेला नुसती ठेच लागली तरी माझ्या हाताचं नाव निघंल.’’

यावर माझ्याकडे परिपत्रक नव्हतं.

काही वेळ तसाच गेला. मग आतून, उंबऱ्याच्या पलीकडून, ओवी आली. आधी गणपतीला, मग कुलदैवताला. जातं घरघरायला लागलं. हात बाहेरचे, आवाज आतला. कुणी हरकत घेतली नाही. आवाजाला चालतं म्हणे!

संध्याकाळी दादा पाटावर बसला. काकी वाटीत बोटं बुडवणार, तेवढ्यात त्यानं वाटी उचलली आणि सरळ आत गेला. आत काय बोलणं झालं, त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. बाहेर आला तेव्हा डाव्या गालावर हळदीची चार बोटं उमटली होती.

काकी थांबली. गालाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग उजव्या गालाला हळद लावत डीजेवाल्यावर खेकसली, ‘‘वाजव की रं, बघतोस काय!’’