पोळा, पोया आणि पोला

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. अजूनही दरवर्षी त्या तारखेला एका रस्त्याने राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्या रस्त्याने काळ्या दिवसाची फेरी निघते, आणि दोन्हींकडे आपलेच सोयरे असतात. पण त्याच दिवशी, त्याच कायद्याने, आणखी एक मराठी मुलूख दुसऱ्या राज्यात राहून गेला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो मुलूख म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर.

तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पांढुर्ण्याच्या माणसाला राजधानी सुमारे शंभर किलोमीटरवर. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला, आणि जिल्ह्याबरोबर त्याची दक्षिणेकडची मराठी पट्टीही राहिली. राजधानी झाली भोपाळ, दुपटीहून लांब. आपल्याकडे निदान चंदगड तालुका तरी जिल्ह्यातून वेगळा काढून महाराष्ट्राला दिला गेला. सौंसरच्या वाट्याला तेही आले नाही.

माझे वडील पांढुर्ण्याचे, आई सौंसरची. बाबा १९७२ साली बँकेच्या नोकरीत कर्नाटकात आले आणि इथेच राहिले. म्हणजे हे जोडपे एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसले. माझी पत्नी धारवाडची, घरची भाषा कन्नड. मुले आईशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि आपापसांत जे सुचेल त्यात बोलतात. बाबांना अठ्ठ्याहत्तरावे लागल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केले, ‘यंदा पोळ्याला जायचं, सगळ्यांनी.’ शेतीच्या कागदांचेही काम होते. त्याविषयी पुढे सांगतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस निघालो. बेळगावहून मिरज, मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर, तिथून इटारसीच्या मार्गावरची गाडी. नरखेड गेले की महाराष्ट्र संपतो. राज्य बदलले म्हणून माझा मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. बेळगावहून कोल्हापूरला जाताना कसे पाट्यांवरून लगेच कळते! इथे काहीच बदलले नाही. तीच काळी जमीन, तीच कपाशी, मधूनमधून तूर आणि संत्र्याच्या बागा. पाट्याही देवनागरीतच.

ही पाट्यांची गोष्ट चार दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिली. आपल्याकडे भाषा दुरून दिसते. गोल अक्षर दिसले की कन्नड, डोक्यावर रेघ दिसली की मराठी. दुकानदाराने कोणती पाटी वर लावली यावरून आपण त्याचा पक्ष ठरवून मोकळे होतो. पांढुर्ण्याच्या बाजारात एका दुकानावर ‘पांढुर्णा’ लिहिलेले, शेजारच्यावर ‘पांढुर्ना’. पहिली पाटी मराठी आणि दुसरी हिंदी म्हणावे, तर दोन्ही दुकाने सख्ख्या भावांची! लिपी एकच असल्यामुळे मराठी कुठे संपली आणि हिंदी कुठे सुरू झाली हे क्रियापद वाचल्याशिवाय समजत नाही. तिकडे पाट्यांवरून भांडण पेटले नाही याचे एक कारण मला तरी हे वाटते. भांडायला काही दिसावे तर लागते!

घरी पोहोचल्यावर पहिली गंमत स्वयंपाकघरात झाली. माझी आत्या ऐंशीच्या पुढची, पण सगळे घर अजून तिच्या आवाजावर चालते. तिने माझ्या बायकोला सांगितले, ‘सूनबाई, थोडा सांबार आन बरं.’ बायको चुलीवरची सगळी पातेली उघडून पाहू लागली. डाळ होती, कढी होती, सांबार कुठेच नव्हते. आत्या म्हणाली, ‘अवं, परसात हाय न!’ परसात सांबार म्हटल्यावर तर बायको माझ्याकडेच बघायला लागली. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मग आमच्या सांबाराची कृती सांगून झाली, आणि आत्याने शांतपणे निकाल दिला, ‘म्हंजे वरनात चिंच टाकता तुमी.’

बोलीची एक मौज मी वर्गात नेहमी सांगतो, पण ती एका घरात ऐकायला मिळाली ती इथेच. बेळगावात आपण विचारतो, ‘काय करायलास?’ पांढुर्ण्यात विचारतात, ‘काय करून रायला?’ पुण्याच्या माणसाला दोन्ही अशुद्ध वाटतील. पण आपले ‘करायलास’ हे शेजारच्या कन्नड ‘माडाकत्ती’च्या सावलीत वाढलेले आहे, आणि त्यांचे ‘करून रायला’ हिंदीच्या ‘कर रहा’ला टेकून उभे आहे. एकाच भाषेने दोन शेजाऱ्यांकडून उसनवारी केली, इतकेच. माझी मुलगी आणि चुलतभावाचा मुलगा दोघे हीच दोन वाक्ये एकमेकांना म्हणून दाखवत हसत बसले होते.

हसण्यावारी न नेण्यासारखी गोष्ट पोळ्याच्या दिवशी लक्षात आली. तो दिवस २ सप्टेंबर. आपल्याकडे बैलांचा सण ज्येष्ठातल्या कारहुण्णिमेला किंवा बेंदराला होतो, तिकडे श्रावण अमावास्येला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. सणाच्या दिवशी त्यांना जू नाही, पराणी नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. दुपारनंतर सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात. बैल पूर्वीपेक्षा फार कमी आहेत असे बाबा सारखे म्हणत होते. खरेच असावे, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरही धुऊन, हार घालून उभे होते.

तर त्या दिवशी आत्या म्हणाली, ‘पोया पावसाचा नाई गेला कधी.’ वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया आणि पोळ्याचा पोया. चुलतभावाचा मुलगा हिंदी शाळेत शिकलेला, तो म्हणाला, ‘दादी, कल तो पोला खतम.’ हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाहीच, त्यामुळे त्याच्या जिभेला तो सापडत नाही. आणि माझी धारवाडची बायको, जिला मराठी वाचताना अजून बोट ठेवावे लागते, ती स्वच्छ ‘पोळा’ म्हणाली! कन्नडमध्ये ‘ळ’ जागोजागी आहे. पांढुर्ण्याच्या घरात पोळ्याचा ‘ळ’ नीट म्हणणारी एक कन्नड सून निघाली. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, ‘आपल्याकडे निदान भांडतात तरी.’ मी उत्तर दिले नाही. आपल्या भांडणाने आपण काय गमावले हे मला ठाऊक आहे. बंदच्या दिवशी बायको माहेरच्या बसला मुकली आहे आणि माझी मुले दोन्ही बाजूंच्या घोषणा तोंडपाठ म्हणतात. तिकडे कोणी कोणाला मारले नाही, कोणाची पाटी फोडली नाही, आणि मराठी कुणाच्या लक्षात न येता स्वयंपाकघरात आणि वावरात जाऊन बसली. चुलतभावाशी मी मराठीत बोलतो, तो मराठीत उत्तर देतो आणि मुलाला हाक मारताना हिंदीत मारतो. त्याला तसे म्हटले तर तो म्हणाला, ‘नोकरी भोपाळले भेटन न, दादा.’ यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी गोटमार. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली आणि दोघे नदीत अडकले, अशी कथा सांगतात. झेंडा पांढुर्ण्याच्या हाती आला की चंडी मातेच्या नावाचा जयजयकार होतो आणि खेळ थांबतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी मनावर घेतले नाही. आता पोलीस, रुग्णवाहिका, औषधोपचाराचे तंबू असा सगळा सरंजाम असतो. दगड तेच.

आम्ही नदीपासून दोन गल्ल्या मागे एका नातलगांच्या गच्चीवर होतो. आरडाओरडा ऐकू येत होता. डोक्याला रुमाल बांधलेली पोरे खांद्यावरून आणली जात होती. बायकोच्या तोंडून ‘हुच्चरु’ एवढेच निघाले आणि ती मुलाला घेऊन खाली गेली. मी तिच्याच मताचा आहे. परंपरा म्हणून कोणाचा डोळा जाणे मला पटत नाही, आणि हे मी तिथे बोलूनही दाखवले. चुलतभाऊ रागावला नाही. ‘आमालेबी मालूम हाय,’ म्हणाला. याच गच्चीवर आत्याने आणखी एक गुपित फोडले. बाबांच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. सायकलवरून पडलो असे त्यांनी आम्हाला पन्नास वर्षे सांगितले. ‘सायकल कुठी होती रे याच्यापाशी!’ आत्या म्हणाली. नातवंडांच्या नजरेत आजोबांची किंमत त्या दिवशी भलतीच वाढली.

सौंसरला एकच दिवस मिळाला. तासाभराचा रस्ता. आईला स्टेशन पाहायचे होते. लहानपणी ती नागपूरहून छोट्या रुळांच्या गाडीने माहेरी येई. ती नॅरोगेज २०१५ साली बंद झाली, आता तिथे मोठे रूळ आहेत. ती फलाटावर थोडा वेळ उभी राहिली आणि ‘चला’ म्हणाली. येताना जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घेतले. पिंपळाखाली आडवा निजलेला हा मारुती मुलांना फार आवडला. त्या जागेच्या नावातही ‘ळ’ आहे. फाट्यावरच्या फलकावर मात्र ‘सांवली’.

शेवटच्या दिवशी कागदाचे काम निघाले. मोठे बाबा गेल्यापासून वावर चुलतभाऊच कसतो. बाबांनी आपला हिस्सा त्याच्या नावे करून द्यायचा, असे फोनवर आधीच ठरले होते. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला आहे, त्यामुळे आता छिंदवाड्याला खेटे घालावे लागत नाहीत. खसऱ्याची नक्कल हिंदीत. बाबा चष्मा पुसून वाचत होते. मला आमच्या बेळगावच्या घराचा उतारा आठवला. तो कन्नडमध्ये. या माणसाच्या जन्मभरात मालकीचा कागद मराठीत आलाच नाही. मात्र इथे त्यांची देवनागरी सही पाहून कोणी मान वर केली नसती.

त्याआधी सगळे बागेत गेलो. आंबिया बहाराची फळे अजून हिरवी होती. पावसाने गळ झाली होती, ती झाडाखाली पसरलेली. चुलतभाऊ सांगत होता, व्यापारी येतात, झाडावरच उभी बाग उक्ती घेतात आणि नागपुरी म्हणून देशभर विकतात. बेळगावच्या बाजारात आपण नागपूरची म्हणून घेतो त्यांत आपल्याच वावरातली किती असतील, असा हिशेब माझी मुलगी करू लागली.

आत्या बांधावर बसली होती. तिने बाबांना जवळ बोलावले आणि सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाली, ‘हिस्सा ठेव रे बाबू. नाई त तू येशीन काऊन?’

चुलतभाऊ मान खाली घालून गवत उपटत होता. त्याचे म्हणणेही चुकीचे नव्हते. कर्ज काढायचे, ठिबक बसवायचे तर दर वेळी बेळगावहून सही कुठे मागवणार? बाबा बराच वेळ झाडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘कसायला सगळं तुझंच. बांधाकडच्या दोन ओळी माझ्या नावाने राहू दे.’ तसा वेगळा कागद करायचा तर मोजणी लागेल, वेळ लागेल, असे चुलतभावाने सांगितले. ‘लागू दे,’ बाबा म्हणाले, ‘पुढच्या पोळ्याला करू.’

दिवाळीनंतर चुलतभावाच्या मुलाचा निरोप आला. फोनवर बोलून पाठवलेला, निम्मा हिंदी, निम्मा मराठी. बाग विकली गेली होती. माझ्या मुलाने तो आजोबांना ऐकवला. बाबांनी तो दोनदा ऐकला आणि विचारले, ‘भाव काय लागला ते नाही सांगितलं त्याने?’ मुलाने लगेच उलट निरोप पाठवून विचारले, मराठीतच.