वाहक

एस.टी.त ‘वाहक’ म्हणजे तिकीट देणारा. खालापूरकडच्या आमच्या एका विद्यार्थिनीमुळे त्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्यापुढे आला. तिच्या धाकट्या भावाला डुशेन स्नायुक्षय आहे. आईच्या जनुकचाचणीच्या अहवालातील ‘कॅरिअर’ या शब्दाचा अर्थ तिला हवा होता. आम्ही तत्परतेने ‘वाहक’ असे भाषांतर केले आणि वर खुलासाही जोडला : दोष पुढे नेणारी, पण स्वतः निरोगी.

हा खुलासा चुकीचा होता. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की, या आजारात जे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन तयार होत नाही, ते हातापायांइतकेच हृदयाच्या स्नायूलाही लागते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाजवळ एक्स एकच. आईजवळ दोन असतात, म्हणून तिचे पाय सहसा शाबूत राहतात. परंतु तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच एक्स मुख्यतः कार्यरत असतो, त्यामुळे हृदयाच्या काही पेशी त्या प्रथिनावाचूनच राहतात. काही स्त्रियांचे हृदय वयपरत्वे प्रसरण पावून दुबळे होते. मुलाचे हृदय निदानापासून दरवर्षी आणि अशा स्त्रियांचे दर ३ ते ५ वर्षांनी तपासावे, असे २०१८ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलगा धावतच नाही, तेव्हा त्याची धाप दिसत नाही. आईची दिसते, पण तिचा अर्थ वेगळा लावला जातो.

या घरात तेच झाले होते. मुलगा मांड्यांवर हात टेकत उठू लागला तेव्हापासून सगळ्यांचे डोळे त्याच्या पायांवर. अकरा वर्षांच्या त्या मुलाला उचलून ओटीवरून मोरीपर्यंत नेणाऱ्या बाईला धाप लागली, तर त्यात नवल ते काय! शिवाय ‘खोट माहेरची’ हे सासूचे वाक्य घरात रोजचे. (सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवतो, हे कोण सांगणार?) स्वतःचे दुखणे कबूल करणे म्हणजे त्या वाक्याला पुरावा देणे. मुलीने तपासणीचा विषय काढला की तिचे उत्तर ठरलेले : “मला काय धाड भरलीय?”

आईच्या काळजाविषयी आम्ही वर्गात किती बोललो असू! खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, ही गंमतही दरवर्षी सांगतो. टू-डी एको हा शब्द मात्र आमच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

आमची चूक आम्ही मुलीजवळ कबूल केली. अखेर दोघी खोपोलीहून पहाटेच्या लोकलने मुंबईला गेल्या. इतक्या वर्षांत केसपेपरवर आईचे स्वतःचे नाव प्रथमच लिहिले गेले. हृदयाचे आकुंचन कमी आढळले. गोळ्या सुरू झाल्या. आता ती पायऱ्यांवर मध्येच थांबते, आणि का थांबलो हे सांगते.

अशा आईच्या मुलीतही हा दोष येण्याची शक्यता निम्मी असते. आमच्या विद्यार्थिनीने स्वतःचे रक्त तपासायला दिले आहे. अहवाल अजून आलेला नाही. तो समजावून सांगायची वेळ आली, तर ‘वाहक’ म्हणायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. दुसरा शब्द शोधतो आहोत.